रात्री दोन वाजताचे निर्णय दुपारीच घ्यावेत: शेवटच्या दिवसांतील घरच्या शुश्रूषेविषयी

सातारा जिल्ह्यातील एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ७१. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला आहे. केमोथेरपी थांबवून डॉक्टरांनी "आता घरी न्या आणि सेवा करा" असे सांगितले आहे. जेवण जवळजवळ बंद झाले आहे. मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, परंतु त्याने सवय लागते आणि माणूस लवकर जातो असे नातेवाइकांनी सांगितल्यामुळे घरात अर्धीच गोळी दिली जाते. अमेरिकेतील बहीण रोज सलाईन लावण्याचा आग्रह धरते. वडिलांना आजाराचे नाव सांगितलेले नाही. अशा वेळी त्यांना घरीच ठेवावे की कुठे हलवावे, आणि घरी ठेवले तर नेमके काय करावे?

मी गेली चोवीस वर्षे परिहार सेवेत, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, ज्याला सर्वजण पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्या क्षेत्रात, परिचारिका म्हणून काम करते. त्यातील बहुतेक वर्षे रुग्णांच्या घरी जाण्यात गेली आहेत. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधाचे प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील. बाकीच्या गोष्टी मात्र मी सविस्तर सांगते, कारण "घरी न्या" हे दोन शब्द सांगितल्यानंतर पुढचे काहीच न सांगण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे आणि तिचे परिणाम मी वारंवार पाहिले आहेत. घरी, स्वतःच्या खाटेवर शांतपणे जाऊ शकले असते असे कितीतरी रुग्ण शेवटचे दोन दिवस अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये काढतात. बहुतेक वेळा त्यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय नसतो. रात्री घशात घरघर सुरू होते, ती कशाची हे घरात कोणालाच ठाऊक नसते, कोणीतरी १०८ ला फोन करते आणि रुग्णवाहिका आपले काम चोख करते. म्हणून माझे पहिले सांगणे हे आहे की रात्री दोन वाजता जे ठरवावे लागेल, ते आज दुपारी, सर्वजण शांत असताना ठरवून ठेवा. पुढचे सगळे त्यासाठीच आहे.

सुरुवात मॉर्फीनपासून करते, कारण त्यात उशीर करण्यासारखे काही नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे दुखणे पोटात सुरू होऊन पाठीत शिरते. उताणे निजले की ते वाढते आणि गुडघे पोटाशी घेऊन किंवा पुढे वाकून बसले की किंचित उतरते. तुमचे वडील रात्री उशी कवटाळून बसून राहत असतील, तर ते चिडलेले नाहीत, त्यांना दुखते आहे. मॉर्फीनची साधी गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती दुखायला लागल्यावर द्यायची नसते, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. रात्रीची झोप मोडू नये म्हणून झोपतेवेळी बहुधा दुप्पट मात्रा दिली जाते आणि मधली एक वेळ गाळली जाते. मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्राही डॉक्टर आधीच लिहून देतात. ती लिहून दिलेली नसेल तर आजच मागून घ्या. अर्धी गोळी देण्याने औषध वाचत नाही आणि आयुष्यही वाढत नाही. दुखणे दोन तासांनी परत येते, माणूस घामाघूम होतो, आणि मग त्या चढलेल्या दुखण्याला खाली आणण्यासाठी अधिक औषध लागते.

सवयीविषयीची भीती मी समजू शकते. शरीराला या औषधाची ओळख होते, त्यामुळे ते एकदम बंद करता येत नाही. परंतु दुखण्यासाठी मोजून घेतलेले मॉर्फीन आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या माणसाच्या हाती काही आठवडेच उरले आहेत त्याच्या बाबतीत व्यसनाची काळजी करणे मला अन्यायाचे वाटते. "लवकर जातो" ही समजूत कशी झाली असावी, तेही सांगते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची कटकट एवढी वाढली की बहुतेक रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. त्यामुळे ते अगदी अखेरच्या दोन दिवसांत, सर्व उपाय थकल्यावर, कुठूनतरी मिळे, आणि लोकांनी पाहिले ते एवढेच की मॉर्फीन आले आणि माणूस गेला. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली असून आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून हे औषध मिळू शकते. थोड्या मात्रेने सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवलेले मॉर्फीन श्वास थांबवत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, काहींना मळमळते, आणि नंतर ते बहुधा ओसरते. मलावरोध मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फीन सुरू झाले त्याच दिवसापासून सोनामुखी किंवा बिसॅकोडिलसारखे रेचक रोज द्यावेच लागते. ते विसरल्यामुळे आठ दिवसांनी पोट फुगून रुग्ण हैराण झालेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आता घरात शिरल्यावर मी नमस्कारानंतर पहिला प्रश्न शौचाचाच विचारते. हाक मारूनही जागे न होणे, श्वास फार मंद होणे, हातापायांना सारखे झटके येणे किंवा भ्रम होणे, यांपैकी काही दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवा. यकृत आणि मूत्रपिंडे थकली की मात्रा कमी करावी लागते किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवावे लागते, पण तो हिशेब डॉक्टरांनी करायचा आहे, नातेवाइकांनी नव्हे. एवढे करूनही दुखणे आवरत नसेल, तर पोटातील नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते कमी करता येते का, हे वेदनातज्ज्ञांना विचारा. या आजारात तो उपाय पुष्कळांना लागू पडतो. मात्र माणूस प्रवास करू शकतो तोवरच तो करून घ्यावा लागतो.

आता जेवण. माझ्या अनुभवात शेवटच्या महिन्यातील सर्वांत जास्त अश्रू जेवणावरून येतात. एका घरातील प्रसंग सांगते. सून वाटीत मऊ भात घेऊन बसली होती, वर तुपाची धार, कडेला चिमूटभर मेतकूट. सासऱ्यांनी तिच्या समाधानासाठी एक घास घेतला आणि तो गालातच धरून ठेवला. दहा मिनिटे गेली. ती म्हणाली, "बाबा, गिळा ना, माझ्यासाठी." त्यांनी डोळे मिटून गिळला, आणि थोड्याच वेळात तो उलटून पडला. दोघेही एकमेकांकडे अपराध्यासारखे पाहत होते. मी तिला वाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि फ्रीजमधील कोकम सरबताचा बर्फाचा लहान खडा चमच्याने त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ चघळला आणि नंतर आणखी एक मागितला. सेवा तीच राहिली, फक्त वाटीऐवजी खडा आला.

मुद्दा असा की या टप्प्यावर खाणे बंद झाल्यामुळे माणूस जात नसतो. तो जाण्याच्या वाटेला लागल्यामुळे शरीर खाणे सोडून देते. कर्करोग पसरलेल्या शरीराला अन्न वापरता येत नाही, आतडी मंदावतात, आणि भुकेची जी वेदना आपण कल्पनेने पाहतो ती त्यांना बहुधा जाणवत नाही. त्यांनी मागितले तर दोन चमचे पेज, ताक, आंब्याची फोड, जे मागतील ते द्या. पथ्य आता कसलेही नको. तोंड फिरवले तर ते उत्तर समजा. आग्रह करून भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे.

सलाईनचेही तसेच आहे. उलट्या किंवा जुलाबांमुळे माणूस सुकला असेल आणि तो अजून हिंडता-फिरता असेल, तर सलाईनचा उपयोग होतो. अखेरच्या दिवसांत रक्तातील प्रथिने इतकी उतरलेली असतात की आत गेलेले पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. ते पायांत, पोटात आणि छातीत साचते. पाय सुजतात, खोकला वाढतो, घशातली घरघर वाढते, आणि शीर सापडत नाही म्हणून दोन्ही हातांवर काळेनिळे डाग उमटतात. त्यांच्या तोंडाला जी कोरड पडते ती सलाईनने जात नाही. दर तास-दोन तासांनी ओल्या मऊ कापडाने किंवा स्पंजने तोंड आतून पुसणे आणि ओठांना तूप लावणे, यानेच ती जाते. हे काम तुमच्या आईला द्या. त्यांना काहीतरी भरवायचे आहे, आणि हे भरवण्याच्या सर्वांत जवळचे आहे.

बहिणीवर रागावू नका. दूर असलेल्या मुलांना वडील शेवटचे भेटले होते तसेच दिसत राहतात, आणि रोजचा उतार त्यांच्या डोळ्यांसमोर घडत नाही. शिवाय तिचा दिवस म्हणजे आपली रात्र, आणि रात्रीच घर सर्वांत घाबरलेले असते. त्यामुळे तिला फोनवर दिसतो तो नेहमी सर्वांत वाईट तास. तिचे आणि डॉक्टरांचे एकदा थेट बोलणे करून द्या, तेही आपल्या सकाळी. त्यानंतर तिला एक ठरलेली वेळ द्या, फोन वडिलांच्या कानाशी धरा आणि खोलीतून बाहेर जा. लहानपणी दोघे जे बोलत असतील ते तिला बोलू द्या.

आजाराचे नाव लपवण्याबद्दल मी थोडे स्पष्ट बोलते. तुम्ही ते प्रेमापोटी केले, यात शंका नाही. परंतु केमोथेरपी घेतलेला, महिन्यागणिक वजन घटत गेलेला, भेटायला येणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहणारा माणूस अनभिज्ञ असतो असे मला एकाही घरात आढळले नाही. बहुधा त्यांना ठाऊक असते, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प बसतात. अशा रीतीने शेवटचे दिवस दोन्ही बाजूंनी नाटकात जातात. निदान आदळण्याची गरज नाही. दुखणे उतरलेले असताना, खोलीत गर्दी नसताना, शेजारी बसून एवढेच विचारा: "तुम्हाला काय वाटतं, आजार कुठवर आला आहे?" आणि मग गप्प राहा, कितीही जड गेले तरी. ते म्हणतील "बरं होईन", तर त्या दिवशी तिथेच थांबा. ते म्हणतील "आता काही खरं नाही", तर "असं बोलू नका" म्हणून त्यांचे तोंड बंद करू नका. "काय काय राहून गेलंय असं वाटतं?" हे विचारा. सातबाऱ्यावरचे नाव, एखाद्याचे देणे, भावाशी तुटलेले बोलणे, कुलदैवताचा नवस, धाकट्या नातीचे शिक्षण, असे काय काय त्यातून निघते. आणि याच बोलण्यातून एक महत्त्वाचा प्रश्न सुटतो: श्वास अडखळला तर त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलेले चालेल का?

त्यांचे उत्तर "नको" असेल तर ते लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले तरी पुरते. घरीच राहण्यासाठी या कागदाची आवश्यकता नाही, कारण शुद्धीवर असलेला माणूस कोणताही उपचार नाकारू शकतो. परंतु काही कारणाने रुग्णालयात न्यावे लागले, त्यांना बोलता येत नसले आणि नातेवाइकांत दोन मते पडली, तर हा कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

घरी की हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत, यावर माझे मत असे की त्यांची इच्छा घरची असेल, दुखणे आवरता येत असेल आणि रात्री जागणारी किमान दोन माणसे असतील, तर घर उत्तम. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर हॉस्पिसमध्ये नेण्यात कसलीही कमतरता नाही. आपल्याकडे त्या शब्दाने लोक दचकतात, "टाकून आले" असे म्हणतात. वास्तविक ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले तेव्हापासूनच ही जागा वेदना उतरवण्याची आणि कुटुंबाला बरोबर घेण्याची आहे. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. गोव्यातही त्यांची शाखा आहे. तुम्हाला सर्वांत जवळ पुण्यातील वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर पडेल. ते १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी विनामूल्य काम करते. अशा ठिकाणी काही दिवस राहून औषधांचे प्रमाण बसवून घ्यायचे, कूस कशी बदलायची आणि तोंडाची निगा कशी राखायची हे शिकून घ्यायचे आणि पुन्हा घरी यायचे, असे अनेक कुटुंबे करतात. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही परिहार सेवेची सोय आहे का, याची चौकशी अवश्य करा.

अंथरुणाच्या निगेचे थोडक्यात: दर दोन तासांनी कूस बदला, हवेची गादी भाड्याने मिळते ती घ्या, माकडहाड आणि टाचांची कातडी रोज पाहा, लाल दिसली तर त्या जागेवर भार देऊ नका आणि चोळूही नका.

आता त्या रात्रीविषयी, कारण ती कशी असेल हे माहीत असलेली माणसे घाबरून पळापळ करत नाहीत. शेवटच्या काही दिवसांत झोप वाढत जाते. लघवी कमी आणि गडद होते. पुष्कळांना गेलेली माणसे दिसतात. "आई आली आहे, तिला बसायला दे" असे ते म्हणाले तर वाद घालू नका. त्यांना त्याची भीती वाटत नसेल तर तो आजार समजून औषध देण्याचीही गरज नसते. फार तळमळ, कपडे ओढणे, उठून बसण्याची धडपड दिसली तर आधी ओटीपोट चाचपून पाहा. तुंबलेली लघवी आणि अडकलेले शौच ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तळमळीवरचे औषधही डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवता येते. मग हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते. श्वास थांबून थांबून येतो. वीस-तीस सेकंद काहीच नाही आणि मग पुन्हा एक लांब श्वास, ज्याला आपल्याकडे ऊर्ध्व लागला म्हणतात. घशातली घरघर ऐकायला भयंकर वाटते, पण ती गिळता न येणाऱ्या लाळेची असते, आणि त्या वेळी ते इतक्या खोल गुंगीत असतात की त्यांचा जीव गुदमरत नसतो. त्यांना एका कुशीवर वळवा, डोके जरा उंच ठेवा. लाळ कमी करण्याची औषधे आहेत, ती लवकर सुरू केली तर उपयोग होतो. नळीने खेचून काढण्याच्या प्रयत्नात त्रासच जास्त होतो. धाप वाटत असेल तर खिडकी उघडा आणि चेहऱ्यावर लहान पंखा लावा, गर्दी कमी करा. गिळणे थांबले तरी मॉर्फीन थांबवायचे नसते. साधी गोळी कुटून दोन थेंब पाण्यात कालवून गालात किंवा जिभेखाली ठेवता येते, किंवा कातडीखाली बारीक सुई बसवून त्यातून देण्यास घरच्यांना शिकवता येते. दीर्घकाळ काम करणारी गोळी मात्र कधीही कुटायची नाही.

गावाकडे दोन गोष्टी होतील, त्यांची तयारी ठेवा. कोणीतरी चमचाभर गंगाजल तोंडात ओतायला येईल. त्यांना तुळशीचे पान त्या पाण्यात बुडवून ओठांना लावायला सांगा, विधीही होतो आणि ठसकाही लागत नाही. आणि कोणी "जीव अडकला आहे, खाली घ्या" म्हणेल. भुईवर घ्यायचेच असेल तर गादीसकट, चौघांनी चादर धरून घ्या. खोलीत वाटणीची आणि खर्चाची बोलणी करू नका. त्यांना ऐकू येते आहे असे समजूनच बोलावे.

घरातील बायकांविषयी एक सांगते, आणि हे तुम्हाला मुलगा म्हणून सांगते. बहुतेक घरांत रात्रीचे जागरण, कपडे बदलणे, घाण काढणे सुनेच्या वाट्याला येते आणि मुलाकडे औषधे आणणे व पाहुण्यांशी बोलणे राहते. पुष्कळ वडिलांना सुनेने आंघोळ घालणे जड जाते, पण ते तोंडाने म्हणत नाहीत. स्पंजिंग आणि लंगोट बदलणे तुम्ही शिका, एका दिवसात येते. रात्रीच्या दोन पाळ्या करा आणि ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. सलग पाच तास झोप न मिळालेल्या माणसाने रात्री दोनला घेतलेला निर्णय भीतीचाच असतो.

याच आठवड्यात गावच्या किंवा जवळच्या डॉक्टरांना घरी बोलावून वडिलांना तपासून घ्या, आणि घरी मृत्यू झाल्यास ते प्रमाणपत्र देतील ना, हे विचारून ठेवा. घरी झालेल्या मृत्यूसाठी मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये दिला जातो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते. शेवटचा श्वास झाल्यावर कोणालाही धावत बोलवायची गरज नसते. वेळ पाहून ठेवा, आईला त्यांच्याजवळ बसू द्या, मग डॉक्टरांना फोन करा.

आणि आजपासून एक वही घाला. तारीख, वेळ, औषध, मात्रा, कोणी दिले, एवढेच लिहायचे. तिचा एक उपयोग उघड आहे, पाळी बदलताना गोंधळ होत नाही. दुसरा उपयोग नंतरचा आहे. शेवटची गोळी कोणाच्या तरी हातून दिली जाते आणि त्यानंतर काही तासांत माणूस जातो. ती देणारी व्यक्ती महिन्या-दोन महिन्यांनी मला फोन करून हळू आवाजात विचारते, "ताई, माझ्या हातून तर काही झालं नाही ना?" त्या वेळी मी वही उघडायला सांगते. तीच मात्रा, त्याच अंतराने, कितीतरी दिवस आधीपासून दिलेली असते, आणि त्या प्रत्येक ओळीनंतर ते जागे झालेले, बोललेले, सरबताचा खडा मागितलेले असतात. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मोजून जिथून आणल्या त्या केंद्राला परत करा. वही ठेवून घ्या.